इंजिनाचा स्टँड आणि बाबांचे गुडघे

गाडीचे इंजिन बाहेर काढल्यावर ते ठेवायचे कशावर, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी पडत नाही. गाडी बिघडली की गॅरेजला जाते, दुरुस्त होऊन परत येते, आणि मधे काय झाले ते बिलावर वाचायला मिळते. आमच्याकडे मात्र गेल्या वर्षी हा प्रश्न दोन महिने जेवणाच्या टेबलावर होता. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, बी.ई. झाल्यापासून हातात पाना धरण्याची वेळ क्वचितच आली. तरी त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते मंडळाच्या अंकासाठी लिहावेसे वाटले. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असते आणि तिच्याकडे रोज बघणारे एक वडीलधारे माणूसही असते.

आमच्याकडची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८९ची, पांढरी. तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन आणि मग इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. त्यातलीच फियाट ११०० पुढे १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांनी सिनेमात तरी पाहिली आहे. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. आमच्या घरात तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही, 'फियाट' म्हणतात. तसे इंदूरला गाड्यांचे वेड नवे नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्युसेनबर्ग घेऊन तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली होती. आमची फियाट त्या रांगेत बसणारी नाही, पण मी आणि ताई शाळेच्या स्नेहसंमेलनापासून माहेश्वरच्या सहलीपर्यंत सगळीकडे तिच्यातून गेलो आहोत.

बाबा पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तीस वर्षे सकाळची स्टाफ बस धरली आणि रविवार फियाटला दिला. क्लच, ब्रेक, कार्बोरेटर, सगळे घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने. पाच-सहा वर्षांपूर्वी गाडी निळा धूर सोडू लागली. निळा धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे, बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. मग करोना आला, मग बाबांचे गुडघे गेले, आणि गाडीवर कापड पडले ते पडलेच. दर दिवाळीच्या आधी कबाडीवाला फाटकातून भाव सांगून जाई. बाबा त्याला चहा पाजत आणि परत पाठवत.

गेल्या वर्षी सत्तर पूर्ण झाल्यावर त्यांनी जाहीर केले, "इंजिन मी खोलणार. मिस्त्रीला द्यायचे नाही."

अडचण अशी की डॉक्टरांनी त्यांना उकिडवे बसायला साफ मनाई केली होती, आणि आपल्याकडे इंजिनाचे काम उकिडवे बसूनच होते. इंजिन काढतात, जमिनीवर एक जुना टायर टाकतात आणि त्यावर ते ठेवतात. पद्धत वाईट नाही. टायर मऊ असतो, तेलाची टाकी चेपत नाही, इंजिन लोळत नाही, आणि खर्च शून्य. बाबांच्या ओळखीच्या उस्तादांना विचारले तर ते म्हणाले, "अरे भिया, टायर पे रखो ने काम चालू करो, काय का टेंशन ले रिये हो?" पण त्या टायरभोवती चाळीस वर्षे बसून बसून उस्तादांचे स्वतःचे गुडघेही कुरकुरत होते. शिवाय टायरवरचे इंजिन उलटे करायचे तर दोन दणकट माणसे लागतात.

आईने यावर तीन अटी घातल्या. बाबा उभे राहून किंवा स्टुलावर बसून काम करतील, खाली बसणार नाहीत. एकटे असताना इंजिनाला हात लावणार नाहीत. आणि आमची आठ वर्षांची मुलगी आजोबांच्या मागे मागे गॅरेजमध्ये जाणारच, तेव्हा तिच्या अंगावर काही पडेल अशी वस्तू घरात येणार नाही. "हे जमत असेल तर करा. नाही तर मी पुढच्या दिवाळीला कबाडीवाल्याशी स्वतः बोलेन." आई असे बोलली की ते होते, हे बाबांना पन्नास वर्षांच्या संसारात ठाऊक झाले आहे.

म्हणून इंजिन स्टँड. ही वस्तू दिसायला साधी असते. चाकांचा पाया, त्याच्या मागच्या टोकाला एक उभा खांब, खांबाच्या वर आडवी फिरणारी नळी आणि तिच्या तोंडाशी एक जाड प्लेट. गिअरबॉक्स जिथे जोडलेला असतो त्या मागच्या बाजूने इंजिन या प्लेटला बोल्टने जखडायचे. इंजिन हवेत राहते, चहूबाजूंनी मोकळे, आणि नळी फिरवली की उलटे-सुलटे होते. परदेशात घरोघरच्या गॅरेजमध्ये हा असतो. आपल्याकडे मोठ्या वर्कशॉपमध्ये दिसतो, ऑनलाइन मिळतो, आणि सियागंजात दोन दिवस फिरल्यावर आम्हाला दोन दुकानांत पाहायलाही मिळाला.

स्टँडवर एक आकडा चिकटवलेला असतो. कुठे ७५० पौंड, कुठे १००० पौंड. हजार पौंड म्हणजे साधारण ४५३ किलो. आमचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवून आणि तेल-पाणी काढून ते १२० किलोच्या आत बसेल असा बाबांचा अंदाज होता. पुण्याहून ताईचा फोन आला. "अरे, साडेचारशे किलोचा स्टँड आणि सव्वाशे किलोचे इंजिन. मग विचार कसला करताय? घेऊन टाका."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "साडेचारशे किलो कुठे टांगले तर, ते लिहिले आहे का त्यावर?"

ते लिहिलेले नव्हते. सगळी मेख तिथेच आहे. भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई सहज चालते. तीच कळशी हात लांब करून धरा म्हटले तर पैलवानाचाही हात थरथरेल. कळशीचे वजन तेच, अंतर बदलले. बी.ई.च्या पहिल्या वर्षाला अप्लाइड मेकॅनिक्समध्ये शिकवतात तो हाच मोमेंट. वजन गुणिले अंतर.

मी वहीत आकडे मांडले. इंजिन १२० किलो धरले. त्याचा भारमध्य प्लेटपासून २५ सेंटिमीटर पुढे, आणि प्लेट खांबापासून १५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे खांबाला ओढणारे अंतर ४० सेंटिमीटर. १२० गुणिले ०.४० म्हणजे ४८ किलो-मीटर. आता हेच वजन लांबट सहा सिलिंडरच्या इंजिनाचे असते आणि भारमध्य ६० सेंटिमीटरवर गेला असता, तर मोमेंट ७२ झाला असता, म्हणजे दीडपट, वजन एक किलोही न वाढता. हा मोमेंट खांबाच्या वरपासून खालपर्यंत सारखाच लागतो. त्यामुळे खांब जिथे पायाला जोडलेला असतो तो जोड सगळ्यात आधी पाहायचा. आम्ही पाहिलेल्या एका स्वस्त स्टँडमध्ये तिथे फक्त दोन बोल्ट होते आणि आधाराला तिरपी पट्टी नव्हती. बाबांनी वरचे टोक धरून जरा झुलवले, हसले, आणि दुकानदाराला धन्यवाद देऊन बाहेर पडले.

दुसरी गोष्ट पायांची. तीन चाकांचा स्टँड घ्यावा की चार, यावर आमच्याकडे एक आठवडा गेला. तिपाई कधी डगमगत नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरापासून माहीत आहे. तीन पाय कुठल्याही खडबडीत जमिनीवर टेकतातच. चौथा आला की एखादा अधांतरी राहतो. या बाबतीत तीन चाके चांगली. पण डगमगणे वेगळे आणि आडवे होणे वेगळे. मी पुन्हा वही काढली. मागची रुंदी ८० सेंटिमीटर, पायाची लांबी ९०, आणि इंजिनाचा भार मागच्या चाकांपासून ४० सेंटिमीटर पुढे. चार चाकांच्या चौकटीत भारापासून बाजूच्या कडेपर्यंत ४० सेंटिमीटर अंतर मिळते. तीन चाकांच्या त्रिकोणात ती कड तिरकी आत येते आणि तेच अंतर जेमतेम २० उरते. भार जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल तर पहिला स्टँड साधारण २४ अंश कलेपर्यंत तग धरेल, दुसरा १२-१३ अंशांतच आडवा होईल. मुलगी गॅरेजमध्ये असणार म्हटल्यावर चार चाके ठरली. डगमगण्यावर बाबांचा उपाय होता: चारही कोपऱ्यांना खाली उतरवता येणारे जाड स्क्रू. काम करताना स्क्रू उतरवून स्टँड लेव्हलमध्ये घ्यायचा, हलवायचा असेल तेव्हाच चाकांवर.

चाकांकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत. आमच्या गॅरेजला कोटा फरशी आहे, तिच्या सांध्यांतला सिमेंट जागोजागी निघालाय, आणि पाणी वाहून जावे म्हणून जमिनीला फाटकाकडे उतार आहे. लहान चाक अशा सांध्यात अडकते. खाली चाक अडकले आणि वरून माणूस ढकलतच राहिला की इंजिनासकट स्टँड तोंडावर पडतो. उस्तादांनी असा अपघात एका गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहिला होता. पोराचा पाय थोडक्यात वाचला. म्हणून चाके १२५ मिलिमीटरची घेतली, दोघांना ब्रेक. आणि घरात नियम केला: भरलेला स्टँड हलवताना खालून, पायाच्या चौकटीला धरून ढकलायचा, इंजिनाला धरून कधीच नाही.

तिसरी गोष्ट बोल्टची. अख्खे इंजिन चार बोल्टवर लटकणार. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचायला मी या निमित्ताने शिकलो. ८.८ म्हणजे त्या पोलादाची तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ते कायमचे न ताणता टिकते. डोके कोरे असेल तर तो बोल्ट कुंपणाला वापरावा, इंजिनाला नाही. दुसरे म्हणजे बोल्ट ब्लॉकच्या आट्यांत पुरेसा आत जायला हवा. ओतीव लोखंडात बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टला १५ मिलिमीटर. लांब बोल्टखाली वॉशरांची चळत रचण्याऐवजी बाबांनी खराद्याकडून नळीचे चार तुकडे नेमक्या मापाचे कापून आणले.

चौथी गोष्ट फिरवण्याची. साध्या स्टँडमध्ये खिट्टी काढायची, दांडा धरून इंजिन फिरवायचे आणि पुन्हा खिट्टी घालायची. इंजिनाचा भारमध्य नळीच्या रेषेत असेल तर ते हलके फिरते. तो वर-खाली असेल तर खिट्टी निघताच इंजिन स्वतःच गर्रकन फिरते आणि दांडा मनगटावर बसतो. सत्तरीच्या मनगटाला हे परवडणारे नाही. आम्ही कबाडीवाल्याकडून, हो, त्याच आमच्या कबाडीवाल्याकडून, एक जुना वर्म गिअरबॉक्स घेतला. हँडल फिरवले की इंजिन सावकाश फिरते, सोडले की तिथेच थांबते, कारण वर्म गिअर भाराच्या बाजूने सहसा उलटा फिरत नाही. तरी वर खिट्टी ठेवलीच. आमच्या क्षेत्रातही एकाच बॅकअपवर कोणी विसंबत नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नव्हती: उंची. एका संध्याकाळी बाबांना भिंतीला पाठ लावून उभे केले आणि मुलीने टेपने त्यांच्या कोपराची उंची मोजली. १०२ सेंटिमीटर. जोर लावायचे काम कोपराच्या थोडे खाली असावे, बारीक काम थोडे वर. इंजिनावर दोन्ही असते. शेवटी नळीची उंची ९० सेंटिमीटर ठरली. बारीक कामासाठी स्टूल. त्या दिवशी पहिल्यांदाच आई म्हणाली, "आता जरा बरोबर चाललंय."

ही उंची आणि हा रुंद पाया मिळून तयार स्टँड सापडेना. मग पोलोग्राउंडकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे बनवून घ्यायचे ठरले. ७५ बाय ४०ची दोन चॅनेल समोरासमोर जोडून खांब, त्याच चॅनेलचा पाया, आणि जोडाला दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दोन दिवस वेल्डिंग पाहत होते. वेल्डर पोरगा पहिल्या दिवशी वैतागला. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक जोड घासून स्वतःच दाखवायला आणत होता. चाके, गिअरबॉक्स, बोल्ट, मजुरी, सगळे मिळून साडेदहा हजारांच्या आत झाले.

घरी आल्यावर लगेच इंजिन चढवले नाही. आमच्याकडे कुठलाही प्रोग्रॅम लोड टेस्टशिवाय चालू करत नाहीत. बाबांच्या कारखान्यातही क्रेनचे तसेच होते. गच्चीच्या कामासाठी सिमेंट आणलेलेच होते. पन्नास किलोच्या चार गोण्या म्हणजे २०० किलो, इंजिनाच्या दीडपटीहून जास्त. प्लेटला जाड पाइप लावला आणि खांबापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर पट्ट्याने गोण्यांची फळी टांगली. फळी जॅकवर ठेवून जॅक हळूहळू उतरवला, म्हणजे भार सावकाश चढला. फळी जमिनीपासून चार बोटेच वर राहील असे पाहिले, म्हणजे काही तुटलेच तर गोण्या चार बोटे खाली येतील, बस. भाराखाली पाइपचे टोक ६ मिलिमीटर झुकले. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी भार काढला तेव्हा टोक भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणेवर परत आले होते. लोखंड भाराखाली वाकते, त्याला हरकत नाही. भार काढल्यावर ते मूळ जागी यायला हवे. बाबांनी खुणेवर बोट ठेवले आणि आईला हाक मारली, "अहो, या बघायला." आईने चष्मा लावून खूण पाहिली, चारही चाके पायाने ढकलून पाहिली, आणि "ठीक आहे" म्हणून पोहे करायला गेली.

उस्ताद आणि त्यांची दोन पोरे चेन पुली घेऊन आली आणि इंजिन चढले. स्टँडभोवती दोन फेऱ्या मारून उस्ताद म्हणाले, "ऐसा एक मेरे को भी बनवा दो भिया."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाच ते सात बाबा गॅरेजमध्ये असतात. मी ऑफिसचा कॉल संपवून जातो, मुलगी आधीच पोचलेली असते. पिवळ्या रंगाने जमिनीवर एक रेषा आखली आहे. हँडल फिरत असेल तेव्हा तिने रेषेच्या अलीकडे थांबायचे. नट-बोल्ट मफिनच्या ट्रेमध्ये खणाखणाला चिठ्ठी लावून ठेवण्याचे काम तिच्याकडे आहे. पिस्टनचा व्यास ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ हे तिने कॅलिपरने मोजून वहीत लिहिले, आणि त्यावरून १०८९ सीसी कसे येते ते बाबांनी तिला अर्ध्या तासात समजावले. स्पार्क १-३-४-२ या क्रमाने पडतो हे तिला पाढ्यासारखे पाठ आहे.

बाबांचा हात पूर्वीसारखा स्थिर नाही. हे मला आतापर्यंत जाणवले नव्हते, कारण आमचा एकमेकांशी व्यवहार चहा, पेपर आणि औषधे एवढाच उरला होता. रिंग पिस्टनवर चढवताना त्यांची बोटे थरथरतात. ते थांबतात, कोपर स्टँडच्या नळीवर टेकवतात, श्वास घेतात आणि मग रिंग बसवतात. कोपर टेकायला तिथे काही तरी आहे, नेमक्या उंचीवर, हे पाहून मला त्या ९० सेंटिमीटरवर घातलेल्या वादांचे सार्थक वाटते. एकदा त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "हा तू कस. मी मोजतो." तीस वर्षे हा माणूस काय करत होता, ते मी आता कुठे शिकतो आहे.

ब्लॉक बोअरिंगला जाऊन आला आहे. फ्लायव्हील मात्र स्टँडवर बसवता येत नाही, कारण ती जागा प्लेटने अडवलेली असते. ते काम शेवटी इंजिन पुन्हा चेनला टांगून करावे लागेल, आणि त्या दिवशी उस्ताद येतील. खंडेनवमीला यंदा पान्यांबरोबर स्टँडलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळाली.

कोणाच्या घरी असे काम निघाले तर आधी काम करणाऱ्याच्या कोपराची उंची मोजा, मग जमिनीचा उतार आणि सांधे पाहा, मग भार खांबापासून किती पुढे येतो ते काढा, आणि पौंडांचा आकडा शेवटी वाचा. आमची फियाट रस्त्यावर आली की स्टँड रिकामा होईल. बाबा म्हणतात, मंडळातल्या कोणालाही लागला तर खुशाल घेऊन जा. बोल्ट मात्र स्वतःचे आणा, डोक्यावर ८.८ लिहिलेले.